दाराच्या कडीची बंदूक

डोरोथिया : तिथे नको, काका. चुलीपासून लांब. आणखी लांब. पायरीच्या पलीकडे, सावलीत.

क्लेटस : इथे?

डोरोथिया : हां. आता हळूच टेका. आपटू नका. नळीचं तोंड घराकडे नको, ओढ्याकडे करा. भरलेली आहे?

क्लेटस : नाही. सव्वीस वर्षं नाही.

डोरोथिया : सगळे हेच म्हणतात. परवा एकानं असंच म्हणत पोत्यातून काढली आणि हत्यारं गोळा करणाऱ्या आमच्या समितीच्या तंबूला भोक पडलं.

पर्पेतुआ : आणि त्या दुधाच्या डब्यात काय खुळखुळतंय? दूध तर नाही.

क्लेटस : काडतुसं, मावशी. जपान्यांच्या लढाईतली. चाळीसेक असतील.

डोरोथिया : खुळखुळत आणलीत?

क्लेटस : खांद्यावर काठी घेतली. एका टोकाला पोतं, एका टोकाला डबा. दोन तास चालतोय.

डोरोथिया : अहो, तुमच्या वडिलांच्या वयाची काडतुसं ती! मला निरोप धाडायचा, माणसं घेऊन आले असते ना मी. थांबा, झाकण मी बघते. हिरवी पडलीत सगळी. चोळत होतात का तुम्ही?

क्लेटस : वर्षातून एकदा. खोबरेल लावून, फडक्यानं. मग चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. म्हणजे... कोरडी राहावीत म्हणून.

पर्पेतुआ : चुलीवर! अरे शहाण्या, रताळी भाजताना एखादं फुटलं असतं म्हणजे? तुझ्या बायकोला कुठल्या कुठल्या झाडावरून गोळा करायची होती?

डोरोथिया : आजी, हसण्यावारी नेऊ नको. काका, आता त्या डब्याला तुम्ही हात लावायचा नाही, मीही लावणार नाही. चोळायचं नाही, हलवायचं नाही. ओढ्यात टाकणार होतात का?

क्लेटस : मनात आलं होतं.

डोरोथिया : ओढ्यातलं पावसात वर येतं आणि कुणाच्या तरी जाळ्यात सापडतं. पुरलेलं कुदळीखाली फुटतं. अख्ख्या बुगनविल बेटावर हेच चाललंय.

पर्पेतुआ : पलीकडच्या एलिगियसनं हातबाँब संडासाच्या खड्ड्यात टाकला. आता सगळं घर तांब्या घेऊन रानात जातं. बायको त्याला रोज शिव्यांची न्याहारी वाढते.

डोरोथिया : उद्या सकाळी काडतुसांची जाणती माणसं येतील, ती नेतील डबा. बंदूक दुपारी मिशनच्या मैदानात कापायची, बाकीच्यांबरोबर. मी वहीत लिहिते. बंदूक एक, घरी बनवलेली. डबा एक. झालं. या आत, रताळं खा.

क्लेटस : आणि नाव?

डोरोथिया : नाव लिहायचं नाही. कुणी आणली, कुठून आली, तिनं काय केलं, काही विचारायचं नाही. नियमच तो. नाहीतर कोण आणून देईल?

क्लेटस : पण मला सांगायचंय.

डोरोथिया : मला नका सांगू, काका. मी वही घेऊन बसलेय, माझ्या कानावर घालू नका.

क्लेटस : तुला नाही. मावशींना.

पर्पेतुआ : मला? बंदुकीचं मला काय सांगतोस? पोटात काही असेल तर फादरकडे जा.

क्लेटस : फादरना सांगून झालं. चार फादर बदलले इथे, चौघांनाही सांगितलं. चौघांनीही माळ जपायला लावली.

पर्पेतुआ : मग जपली नाहीस का?

क्लेटस : जपली. पण मावशी, तुम्हीच उभ्या राहिला होतात शांततेच्या सभेत, बायकांच्या पुढे. तुम्ही म्हणालात, बंदुकीनं ज्याला नेलं त्याचं नाव आधी त्याच्या आईपुढे घ्या, मगच लोखंड मोडा. नाव न घेता मोडलं तर आतला माणूस जाईल कुठे? सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मी मागे उभा होतो. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या उशाशी आहे.

पर्पेतुआ : म्हणाले होते. अजून म्हणते. मग जिच्या दारी जायचं तिच्या दारी जा की. माझ्याकडे शिफारस हवी आहे का? ती बाई दगड मारेल म्हणून?

क्लेटस : मारेल.

पर्पेतुआ : मग खा दगड. इतकी वर्षं का नाही गेलास?

क्लेटस : भीती. दुसरं काय. गेल्या रविवारी माझा भाचा आला, बहिणीचा थोरला. त्याचं शेजारच्या कुळाशी बागेच्या हद्दीवरून पेटलंय. जेवायला बसला आणि म्हणाला, मामा, तुमच्यामागे तुमचं सगळं माझंच, मग ती माळ्यावरची आत्ताच द्या.

पर्पेतुआ : हक्कानं मागितलीन्.

क्लेटस : हक्कच आहे त्याचा. आपल्यात मामाचं ते भाच्याचं. मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू? म्हटलं, मोडलीय ती. तर त्यानं वर हात घालून काढली आणि चाप ओढला. टक् वाजलं. मावशी, त्या आवाजानं मी पानावरून उठलो आणि ती त्याच्या हातातून काढून घेतली.

डोरोथिया : मोडलेली नाही म्हणजे. चालू आहे. बरं केलंत आणलीत ते.

क्लेटस : घरात भांडं पडलं तरी मी मोजायला लागतो. बायको म्हणते, काय पुटपुटतोस रे.

पर्पेतुआ : काय मोजतोस?

क्लेटस : ते... सांगतो.

पर्पेतुआ : आडवळणानं किती जाशील? बघू तरी दे कसली आहे ही तुझी लाडकी.

डोरोथिया : थांब आजी, आधी मी उघडून बघते. इकडे तोंड करू नका कुणी. हं, रिकामी आहे. घे. बोट चापावर नको ठेवू.

पर्पेतुआ : मला शिकवतेस? संकटाच्या वर्षांत, लढाई चालू होती तेव्हा, मी अशा दहा माझ्या अंथरुणाखाली ठेवल्यात. ही... ही कडी आहे.

डोरोथिया : घरी बनवलेल्या सगळ्या तशाच असतात. खाणीतला पाण्याचा पाईप, दाराची कडी, ट्रकच्या ट्यूबचं रबर, आत घोड्याला खिळा.

पर्पेतुआ : ही माझ्या दाराची कडी आहे.

डोरोथिया : आजी, कड्या सगळ्या सारख्याच दिसतात.

पर्पेतुआ : ही मुठीपाशी वाकलीय बघ. तुझा आजा पिऊन आला होता, मी दार लावून घेतलं होतं, त्यानं लाथ घातली तेव्हा वाकली. तुझ्या ब्लेझमामानं काढून नेली. मी म्हटलं, अरे दार उघडं पडेल. म्हणाला, आई, लढाई संपली की लावून देतो परत. तेव्हापासून मी दार सुंभानं बांधतेय. क्लेटस, माझ्या पोरानं बनवलेली बंदूक तुझ्याकडे कशी?

क्लेटस : त्यानंच दिली होती मला. आम्ही दोघं एकाच टोळीत होतो. तो बनवायचा, मी वापरायचो.

पर्पेतुआ : ते ठाऊक आहे मला. तोंडात गुळणी धरू नको. नाव कुणाचं घ्यायला आलायस?

क्लेटस : मावशी...

पर्पेतुआ : नाव घे.

क्लेटस : ब्लेझ.

डोरोथिया : काय?

क्लेटस : तुमचा ब्लेझ. मी मारलं त्याला.

पर्पेतुआ : त्याला सरकारी सैनिकांनी धरलं. हेलिकॉप्टरमधून समुद्रात टाकला. तू सांगितलंस. ह्याच पायरीवर बसून सांगितलंस तू मला.

क्लेटस : मीच सांगितलं.

पर्पेतुआ : सव्वीस वर्षं मी समुद्रातला मासा तोंडात घातला नाही रे. लग्नात नाही, सणाला नाही. माझ्या लेकराला त्यानं खाल्लं असेल म्हणून. तू माझ्याशेजारी बसून जेवलायस. तू बघितलंयस मला ताट सरकवताना.

क्लेटस : बघितलंय.

डोरोथिया : का? मामानं केलं काय होतं?

क्लेटस : पोरी, तू बस खाली.

डोरोथिया : मी उभीच बरी. बोला.

क्लेटस : तू सात महिन्यांची होतीस. सरकारची नाकेबंदी होती. औषधाची एक पुडी डोंगरात नव्हती. तुझा ताप उतरेना. तुझी आई अगाथा माझ्यासमोर ब्लेझला म्हणाली, दादा, हिचा मामा आहेस तू. बस, एवढंच म्हणाली. तो खाली किनाऱ्यावर उतरला, सैनिकांच्या छावणीत, तापाचं औषध आणायला. आमच्यातल्या कुणीतरी त्याला धक्क्यावर एका सैनिकाशी बोलताना बघितलं.

पर्पेतुआ : बोलल्याशिवाय औषध कसं मिळणार?

क्लेटस : आमच्या टोळीच्या कमांडरला वाटलं, आपल्याला विकतोय. ओढ्याच्या वाटेवर आम्ही त्याला गाठलं. त्यानं पुडी काढून दाखवली. कमांडर म्हणाला, बघा, हीच किंमत घेतली त्यानं आपली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, तुझा दोस्त ना? मग तूच. नाहीतर तुम्हा दोघांना एकच समजू. आणि बाकीच्या दोघांना घेऊन वर पहाऱ्याला गेला.

डोरोथिया : म्हणजे तिथे तुम्ही दोघंच होतात?

क्लेटस : दोघंच.

डोरोथिया : आणि ते औषध? आजी, तू सांगतेस ना नेहमी, पहाटे दारात केळीच्या पानात गुंडाळलेलं...

क्लेटस : मी ठेवलं.

पर्पेतुआ : मी दर वर्षी त्या दिवशी मरियामातेला मेणबत्ती लावते. ह्या पोरीला वाचवलं म्हणून.

डोरोथिया : माझ्यासाठी गेला होता तो. माझ्या...

पर्पेतुआ : गप. तू सात महिन्यांची होतीस. तुझ्या डोक्यावर हे कुणी ठेवायचं नाही, तूही नाही. क्लेटस, पुढे बोल.

क्लेटस : पुढचं सांगायलाच आलोय. पहिलं काडतूस वाजलं नाही. टक् झालं नुसतं. मी कडी मागे खेचायला गेलो, तर तो ओरडला.

पर्पेतुआ : कोण?

क्लेटस : ब्लेझ. उघडू नको म्हणाला! जुनं काडतूस आहे, आत धुमसत असेल, तोंडावर फुटेल, डोळे जातील तुझे. तीस मोज, मग उघड. म्हणजे... शाळेतल्यासारखा ओरडला. आम्हा सगळ्यांना त्यानंच शिकवलं होतं ते. वाजलं नाही तर नळी दूर धरायची आणि तीस मोजायचे.

डोरोथिया : आम्हालाही हेच शिकवलं. पहिल्याच दिवशी.

पर्पेतुआ : मग तू काय केलंस?

क्लेटस : मोजले.

पर्पेतुआ : नळी दूर धरून?

क्लेटस : नाही. त्याच्याकडेच होती.

पर्पेतुआ : आणि तो उभा राहिला?

क्लेटस : माझ्याबरोबर मोजत होता. ओठ हलत होते त्याचे. मग मी ते काढून दुसरं भरलं. दुसरंही तसंच. टक्. तेव्हा तो हसला. म्हणाला, सांगितलं होतं ना, हा ओल लागलेला ढीग आहे, टाकून द्या म्हणून? कुणी ऐकतं का माझं? आणि पुन्हा म्हणाला, तीस.

डोरोथिया : त्याला वाटलं असेल तुम्ही सोडाल.

क्लेटस : मलाही वाटलं होतं. सोळा, सतरा, तोवर वाटत होतं. मग वरून कमांडरनं शीळ घातली. मी तिसरं भरलं. ते वाजलं.

पर्पेतुआ : ऐकलं मी ते.

डोरोथिया : आजी...

पर्पेतुआ : खाली ओढ्यावर तारोचे कंद धूत होते. म्हटलं, पोरांनी डुक्कर मारलं वाटतं. संध्याकाळी वाटा येईल म्हणून चूल पेटती ठेवून बसले मी. वाटा आला नाही तर चिडले होते तुमच्यावर. कुठे आहे तो?

क्लेटस : मी दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. कमांडरनं सांगितलं होतं, तसाच राहू दे. पण मी खोल पुरला. उगवतीकडे तोंड करून.

पर्पेतुआ : कुठे, ते विचारलं.

क्लेटस : ओढ्याच्या वळणावर, पडला तिथेच. लाल पानांची झाडं आहेत तिथे.

पर्पेतुआ : तिथे जागेवाला आहे. झपाटलेलं वळण ते.

क्लेटस : तिथे जागेवाला नाही, मावशी. कधीच नव्हता. मीच उठवलं ते. म्हटलं, कुणी बाग करायला खणू नये, डुकरं सोडू नयेत. एकदोघांना सांगितलं की मला तिथे कुणीतरी दिसलं. पुढचं लोकांनीच वाढवलं. लाल झाडं मी लावली, थडग्यावर लावतो तशी. सगळ्यांना वाटलं, जागा कडक आहे म्हणून लावलीत.

पर्पेतुआ : मी बागेत जाताना टेकडीला वळसा घालते. सव्वीस वर्षं. ह्याच वळणाच्या भीतीनं. पाठीवर ओझं घेऊन, पावसात, गुडघे मोडेपर्यंत. लांबूनच क्रूस करायचे आणि पळायचे. माझ्या पोराला भिऊन पळत होते मी?

क्लेटस : तुम्हाला वळसा घालताना बघायचो मी. दर वेळी वाटायचं, आज सांगतो.

डोरोथिया : माझ्या लग्नात तुम्ही डुक्कर दिलंत, काका. सगळ्यांत मोठं. मी तुमच्या पाया पडले. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तोच हात.

क्लेटस : हो.

डोरोथिया : तुमचं डुक्कर परत धाडीन मी.

क्लेटस : मावशी, मी सुपारी आणलीय. पान, चुना सगळं आहे. ही तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही घ्या म्हणत नाही. फक्त ठेवतो.

पर्पेतुआ : उचल ती.

क्लेटस : मावशी...

पर्पेतुआ : उचल म्हणते ना! माझं पोर मातीत आहे आणि तू माझ्याबरोबर सुपारी चघळणार? समेटाची सुपारी एवढी स्वस्त झाली काय? दिवस बघून, दोन्ही कुळं बसवून, मग विचार. तेव्हाही मी हो म्हणेन असं धरून चालू नको.

क्लेटस : बरं. आणि बंदूक? तुम्ही नको म्हणालात तर उद्या कापता येणार नाही, तुमचाच शब्द आहे. मी परत नेईन. पण घरी भाचा वाट बघतोय तिची.

डोरोथिया : परतबिरत काही नेणार नाही तुम्ही. माझ्या वहीत आली ती.

पर्पेतुआ : तू थांब गं. क्लेटस, नीट ऐक. आधी माझं पोर वर यायचं. उद्या उजाडताच. तू खणायचं, आम्ही बघू. हाडं जवळ आली की फावडं टाकायचं आणि हातानं माती काढायची. त्याला ओरखडा उठता कामा नये. अगाथाला आजच निरोप जाईल. मग त्याला चटईत गुंडाळून मिशनच्या मैदानात न्यायचा आणि त्याच्यासमोर ही कापायची. त्यानं बनवली, त्याच्यापुढेच मोडू दे.

डोरोथिया : आजी, समितीची गाडी दुपारी निघते.

पर्पेतुआ : थांबेल. बायका रस्त्यात बसल्या की सैन्याच्या गाड्या थांबल्यात, तुमची कोण लागून गेली? आणि क्लेटस, तुझ्या भाच्याला घेऊन ये. त्यानंही खणावं. मामाकडून काय काय मिळतं ते कळू दे त्याला.

क्लेटस : आणतो.

पर्पेतुआ : मैदानात तुझ्या तोंडानं सांगायचं सगळं. औषधासकट. माझ्या पोरानं कुणाला विकलं नाही, हे मोठ्यानं सांगायचं. मागच्या रांगेत ऐकू जाईल असं.

क्लेटस : सांगेन. तुम्ही म्हणाल तेवढ्या वेळा.

पर्पेतुआ : एवढं केलंस तर बंदूक कापायला माझी ना नाही. लिही गं तुझ्या वहीत.

डोरोथिया : काय लिहू?

पर्पेतुआ : तुझा नियम आहे तेवढंच. बंदूक एक. बाकीचं माझ्या लक्षात राहील.

क्लेटस : मी निघू?

पर्पेतुआ : नाही. अजून एक आहे. मोज.

क्लेटस : काय?

पर्पेतुआ : तीस. तेव्हा मोजलेस तसे. मोठ्यानं. मला ऐकायचंय.

डोरोथिया : आजी, नको ना. कशाला?

पर्पेतुआ : मधे बोलू नको. मोज रे.

क्लेटस : एक. दोन. तीन. चार.

पर्पेतुआ : घाई करू नको. तेव्हा तुला डोळे वाचवायचे होते. तेव्हासारखे मोज.

क्लेटस : पाच... सहा... सात...

(क्लेटस मोजत राहतो. दोघी ऐकतात.)

क्लेटस : अठ्ठावीस... एकोणतीस... तीस.

डोरोथिया : आजी? पाणी आणू?

पर्पेतुआ : नको. मी कंद धूत होते तिथून वळणापर्यंत चढण एवढीशीच आहे, क्लेटस. आणि तेव्हा पाय होते मला. तू नुसती हाक मारली असतीस ना, तर पहिल्या तिसातच पोचले असते मी.